पानगळ, उष्मा आणि गनशिप

नागपूरच्या लकडगंजमधील आरा मशीनवर चिरले जाणारे सागवान चंद्रपूर-गडचिरोलीच्या ज्या जंगलांतून येते, त्यांच्याकडे वैमानिकाच्या नजरेने पाहिले, तर गनशिपची, म्हणजे तोफ व रॉकेटे घेऊन पायदळाच्या मदतीला जाणाऱ्या हेलिकॉप्टरची विद्या ऋतुमानाशी किती बांधलेली आहे, हे ध्यानात येते. पावसाळ्यात सागाची दाट पाने खालची हालचाल झाकतात. उन्हाळ्यात पानगळीने जमीन उघडी पडते, परंतु पारा 45 अंशांकडे सरकला की तापलेली जमीन व माणसाचे शरीर यांतील फरक पुसट होऊन उष्णता टिपणारा कॅमेरा चकतो, आणि विरळ झालेल्या हवेत पात्यांना उचल कमी मिळत असल्याने इंधन किंवा दारूगोळा यांपैकी काहीतरी मागे ठेवावे लागते.

अशा हेलिकॉप्टरचे मोल त्याने टिपलेल्या शत्रूंच्या संख्येवरून ठरत नाही. त्याचे मुख्य काम दडपणारा मारा करण्याचे असते, म्हणजे शत्रूला डोके वर काढू न देता आपल्या तुकडीला उघडे मैदान ओलांडू देण्याचे. हा परिणाम मारा थांबताच ओसरू लागत असल्याने तुकडीला नेमके त्याच वेळी पुढे सरकावे लागते. शिवाय गोळ्यांचा फैलाव आडव्यापेक्षा माऱ्याच्या दिशेत अधिक लांबवर पसरतो, म्हणून झेप शक्यतो आपल्या जवानांच्या डोक्यावरून न घेता त्यांच्या फळीला समांतर घेतली जाते. नाशिकच्या कॉम्बॅट आर्मी एव्हिएशन ट्रेनिंग स्कूलमध्ये घडणारा वैमानिक स्वतः लष्करातला असतो, त्यामुळे पायदळाची चाल त्याला परकी नसते.

परंतु जे यंत्र शत्रूला दडपते, ते स्वतःही उघड्यावर असते. 28 मे 1999 रोजी कारगिल युद्धात तोलोलिंग शिखराजवळ रॉकेटांचा मारा करणारे हवाई दलाचे एमआय-17 हेलिकॉप्टर खांद्यावरून डागलेल्या क्षेपणास्त्राने पाडले आणि त्यातील चौघे धारातीर्थी पडले. त्यानंतर हेलिकॉप्टरांना हल्ल्याच्या कामातून मागे घेण्यात आले. उंच डोंगरांत लढू शकणाऱ्या हलक्या हेलिकॉप्टरची गरज त्या युद्धाने ठळक केली, आणि 3 ऑक्टोबर 2022 रोजी जोधपूरला हवाई दलात दाखल झालेले ‘प्रचंड’ हे तिचे उत्तर होय. त्याच्या 20 मिलिमीटर तोफेचे तोंड वैमानिकाच्या शिरस्त्राणावरील दर्शकाशी जोडलेले असल्याने नजर वळेल तिकडे ती वळते.

गडचिरोलीत हेलिकॉप्टरचे काम वेगळे आहे. 13 नोव्हेंबर 2021 रोजी माओवाद्यांशी झालेल्या मर्दिनटोला चकमकीतील चार जखमी पोलिसांना हवाईमार्गे नागपूरला हलवण्यात आले. जखमी झालो तर दवाखाना गाठता येईल, हा भरवसा जंगलात शिरणाऱ्या सी-60 या पोलिसांच्या नक्षलविरोधी पथकातील जवानाला पुढे पाऊल टाकताना उपयोगी पडतो. दडपणारा मारा असो वा जखमींची सुटका, दोन्हींत जमिनीवरच्या माणसाला काही मिनिटे मिळवून दिली जातात, आणि ती मिनिटे केव्हा लागतील याचा अंदाज तुकडीच्या चालीवरून बांधता येणे, हे या वैमानिकाचे सर्वांत अवघड कौशल्य ठरते.