तलैवर असते तर

2004 च्या त्सुनामीनंतर पुनर्वसनाच्या कामासाठी मी श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावर, अंपारा जिल्ह्यात राहिले. घरं बांधायची होती. पैसा होता, राबायला माणसं होती, जमीन मात्र नव्हती. समुद्रापासून 200 मीटरच्या आत बांधायचं नाही, असा तेव्हा सरकारचा नियम होता. कल्मुनै, सैंदमरुदू, मरुदमुनै ही मुस्लिम वस्तीची गावं समुद्र आणि भातखाचरं यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत दाटीवाटीनं वसलेली. आतल्या बाजूला सरकारी जमीन होती, पण ती मागितली की सिंहली गावांतून विरोध उठायचा. मग बैठकीत कोणीतरी हमखास म्हणायचं, "तलैवर असते तर!"

तलैवर, म्हणजे नेते, एम. एच. एम. अश्रफ. त्यांना जाऊन पाच वर्षं होत आली होती, पण चहाच्या दुकानांत त्यांचा फोटो होता आणि बोलण्यात त्यांचं नाव. माझे घरमालक निवृत्त शिक्षक. गावासारखं मीही त्यांना 'सर' म्हणायचे. त्यांनी पक्षाचं काम केलेलं. अश्रफ मला कळले ते बरेचसे त्यांच्यामुळे.

या किनाऱ्यावरून जाताना निंदवूर मुस्लिमांचं, पुढचं कारैतीवू तमिळ हिंदूंचं, त्याला लागून सैंदमरुदू परत मुस्लिमांचं. भाषा सगळ्यांची तमिळ. तरीही तमिळ राष्ट्रवाद्यांना मुस्लिम आपल्यातले वाटावेत की नाहीत हे ठरत नव्हतं, आणि सिंहली बहुसंख्याकांना तर ते परकेच. 1948 साली जन्मलेल्या अश्रफांनी वकिली करता करता सुरुवातीला तमिळ पक्षाची बाजू धरली. 1977 च्या निवडणुकीत ते तमिळ आघाडीबरोबर होते. पुढे तमिळ चळवळ बंदुकीच्या हाती गेली आणि तिच्यात मुस्लिमांना बरोबरीची जागा नाही, हे त्यांना दिसून आलं. 1981 साली काट्टान्कुडीत श्रीलंका मुस्लिम काँग्रेस सुरू झाली आणि 1986 मध्ये तिचा राजकीय पक्ष झाला. निशाणी झाड. हातात हत्यार घ्यायला निघालेली पोरं या पक्षानं मतपेटीकडे वळवली, असं सर ठामपणे सांगायचे. मला ते पटतं.

अश्रफांची हुशारी कायद्याच्या बारकाव्यात होती. जिल्ह्यात साडेबारा टक्के मतं मिळाल्याशिवाय पक्षाला एकही जागा नाही, असा नियम होता. विखुरलेल्या मुस्लिमांना तो मारकच होता. 1988 च्या अध्यक्षीय निवडणुकीत पाठिंबा हवा असेल तर ही अट खाली आणा, असं त्यांनी उमेदवार प्रेमदासांना सांगितलं. मतदानाच्या तोंडावर घटनादुरुस्ती झाली आणि अट पाच टक्क्यांवर आली. 1989 मध्ये पक्षाचे चार जण संसदेत गेले. त्या दुरुस्तीचा फायदा देशातल्या इतर लहान पक्षांनाही झाला, हे फारसं कोणी बोलत नाही.

पुढचं वर्ष भीषण होतं. ऑगस्ट 1990 मध्ये काट्टान्कुडीच्या मशिदींत नमाजाला उभ्या असलेल्या शंभराहून अधिक माणसांना तमिळ वाघांनी, म्हणजे लिट्टेच्या बंडखोरांनी, मारलं. भिंतींवरच्या गोळ्यांच्या खुणा तशाच ठेवल्या आहेत. त्या भिंतीवर हात ठेवायचा मला धीर झाला नाही. ऑक्टोबरमध्ये सुमारे 70 हजार मुस्लिमांना उत्तर प्रांतातून हाकललं गेलं. जाफना शहरातल्यांना दोन तासांची मुदत होती. ज्या नेत्याच्या लोकांवर हे गुदरतं, त्याला सुडाची भाषा फार सोपी असते. अश्रफ संसदेतच लढत राहिले.

1994 चं गणित सर मला कागदावर मांडून दाखवायचे. 225 जणांची संसद. चंद्रिका कुमारतुंगांच्या आघाडीकडे 105, अश्रफांकडे सात, डोंगराळ भागातल्या तमिळांचा एक. बरोबर 113, म्हणजे काठावरचं बहुमत. अश्रफ बंदरं आणि पुनर्वसन खात्याचे मंत्री झाले. युद्धामुळे पूर्वेकडच्या आणि जाफन्याच्या विद्यापीठांत मुस्लिम मुलांना शिकणं कठीण झालं होतं. त्यांच्यासाठी अश्रफांनी ओलुविलला महाविद्यालय आणलं आणि 1996 मध्ये त्याचं आग्नेय विद्यापीठ झालं. ओलुविलच्या बंदराचं स्वप्नही त्यांचंच. ते त्यांच्या पश्चात बांधलं गेलं, पण तोंडाशी वाळू साचली, बाजूचा किनारा खचला आणि मच्छीमारांच्या वाट्याला नुकसानच आलं.

शेवटी शेवटी फक्त मुस्लिमांचा पक्ष त्यांना अपुरा वाटू लागला. सगळ्या समाजांना घेणारी राष्ट्रीय एकता आघाडी त्यांनी उभी केली. 1999 मध्ये एका बौद्ध भिक्षूशी त्यांनी दूरचित्रवाणीवर समोरासमोर वाद घातला. सिंहली घरांपर्यंत थेट पोचण्याचं हे धाडस मला त्यांच्या मंत्रिपदाहून मोठं वाटतं. 16 सप्टेंबर 2000 रोजी, निवडणूक महिन्यावर आली असताना, कोलंबोहून अंपाऱ्याकडे येणारं त्यांचं हेलिकॉप्टर अरनायकेच्या डोंगरात कोसळलं.

त्यानंतर पक्ष फुटत गेला. त्याची किंमत मी डोळ्यांनी पाहिली. जून 2005 मध्ये मदतवाटपासाठी सरकार आणि वाघ यांच्यात करार झाला. अंपाऱ्यात त्सुनामीनं सर्वाधिक बळी मुस्लिमांचे घेतले होते, पण सह्या करणाऱ्यांत मुस्लिम नव्हते. त्या दिवशी सर दिवसभर कोणाशी बोलले नाहीत. पुढे अश्रफांच्या पत्नी फेरियल गृहनिर्माणमंत्री असताना नुरैच्चोलैला सौदी पैशातून 500 घरं झाली. ती कोणाला द्यायची यावर वाद न्यायालयात गेला आणि घरं वर्षानुवर्षं कुलूपबंद राहिली.

संख्येच्या जोरावर मिळालेलं मंत्रिपद अश्रफांबरोबर गेलं आणि त्यांचा पक्षही एकसंध राहिला नाही. ओलुविलचं विद्यापीठ मात्र चालू आहे, आणि मुस्लिम मुलांच्या सोयीसाठी निघालेल्या त्या वर्गांत आज तमिळ आणि सिंहली मुलंही शिकतात.