आमची तिसरी खोली

दादरला आमच्या दोन खोल्या होत्या आणि माणसं सात. आई, वडील, दोन भाऊ, एक बहीण आणि आम्ही दोघं. म्हणजे दरखोली साडेतीन माणसं. (त्यातला अर्धा मी, असं आमच्या हिचं मत.) अशा घरात नवराबायकोने बोलायचं कुठे, हा प्रश्न ज्याला पडला नाही तो मुंबईकर नव्हेच. प्रेमाचं सोडा, ते एक वेळ डोळ्यांनी भागतं. पण भांडायचं कुठे? भांडणाला आवाज लागतो! म्हणून १९७८ साली लग्न झाल्यापासून दादर चौपाटी ही आमची तिसरी खोली झाली. भाडं नाही, पागडी नाही, वारा फुकट. गैरसोय एकच. ही खोली दिवसातून दोनदा पाण्याखाली जायची.

दादरची वाळू आधीच चिंचोळी. भरतीला गेलं तर पाणी भिंतीला लागलेलं, आणि भांडण शब्दशः रस्त्यावर. तेव्हा हिने माहेरची विद्या बाहेर काढली. हिचं माहेर रेवदंड्याचं. तिथीची पाऊणपट करा, की भरतीची वेळ हाती येते. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमाराला पाणी भरलेलं. पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या आसपास, म्हणजे संध्याकाळी ओहोटी, आणि तीही उधाणाची. पाणी पार लांब गेलेलं. ज्या पाऊणकीपायी मी शाळेत छड्या खाल्ल्या, ती संसारात अशी उपयोगी पडेल असं मास्तरांनी तेव्हा सांगितलं असतं, तर मी मन लावून पाठ केली असती.

मग कॅलेंडरवर खुणा सुरू झाल्या. अष्टमीला फुली, पौर्णिमा-अमावास्येला गोल. आई शेजारणींना कौतुकाने सांगायची, "दोघं वाटेल ते झालं तरी पौर्णिमा-अमावास्या चुकवत नाहीत हो!"

आता तुम्ही म्हणाल, मुंबईला काय एकच चौपाटी? आहेत की! पण प्रत्येकीचं खातं वेगळं. गिरगाव चौपाटी पाहुण्यांची. लोकमान्यांवर १९२० साली इथेच अंत्यसंस्कार झाले, हे सांगताना मी गंभीर होतो आणि पाहुणा भेळवाल्याकडे बघत असतो. जुहू पोरांची, मात्र पावसाळ्यात तिथे ते निळ्या फुग्यासारखे दिसणारे डंखवाले प्राणी वाहून येतात, तेव्हा पोराचा हात सोडू नये. अक्साला लांबूनच नमस्कार. तिथलं पाणी दगाबाज आहे, आणि जीवरक्षकांची शिट्टी आपल्यासाठी नसून शेजाऱ्यासाठी आहे असं तिथे प्रत्येकालाच वाटतं. वर्सोव्याला आम्ही नाक धरून चालत असू. पण २०१५ पासून लोकांनी तिथला कचरा उपसला आणि २०१८ साली त्या वाळूत कासवाची पिल्लं निघाली. मी वर्तमानपत्र हिच्यापुढे धरलं. ही म्हणाली, "बघा, कासवांनासुद्धा घर मिळालं."

या टोमण्यालाही मोठा इतिहास आहे. १९८६ साली सासरे गेले आणि सासूबाई रेवदंड्याला एकट्या राहिल्या. आमच्या घरात तोवर बहीण सासरी गेली होती आणि मुलगा आला होता, म्हणजे शिल्लक सातच. घरात हा विषय काढायची सोय नव्हती. पौर्णिमेची वाट पाहिली आणि दोघं वाळूत जाऊन बसलो.

बराच वेळ ही शेंगदाण्याची टरफलं मोजल्यासारखी करत होती. मग म्हणाली, "अहो, ती रात्री कडीला दोर बांधून झोपते."

"अगं, पण जागा?"

"तुमच्या जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांना जागा आहे."

"आईला काय सांगायचं?"

"ते तुम्ही ठरवा. माझी आई आहे म्हणून मी तोंड उघडायचं नाही, असं आहे का?"

यानंतरचं संभाषण छापण्यासारखं नाही. तीनचार कणीसवाले आमच्याकडे येता येता वळून गेले. शेवटी पाणी चपलांपर्यंत आलं तेव्हा आम्ही उठलो. घरी आल्यावर मी आईला सांगितलं. आई कणिक भिजवत होती. ती म्हणाली, "त्या केव्हाच यायला हव्या होत्या. गठ्ठे रद्दीवाल्याला दे."

सासूबाई आल्या त्या ११ वर्षं राहिल्या. जागेचं सांगायचं तर आठवा माणूस आल्यावर सात माणसांना जागा कमी पडते हे आम्ही विसरलो. मात्र महिन्याभरातच दोन्ही म्हाताऱ्या संध्याकाळच्या चौपाटीवर जाऊ लागल्या. पौर्णिमेला त्या आमच्या वाळूत, आणि अष्टमीलासुद्धा भिंतीवर हजर! सुनेबद्दल आणि जावयाबद्दल मोकळेपणाने बोलायला त्यांनाही खोली हवी होतीच. आम्ही दोघं पूर्ण बेघर. त्या ११ वर्षांत आमची भांडणं फार कमी झाली, जागेअभावी.

आता बोरिवलीला तीन खोल्या आहेत, त्यांना दारं आहेत, दारांना कड्या आहेत. समोर तरीतून पलीकडे गेलं की गोराई. परवा सून स्वयंपाकघरातून बाहेर आली. चेहरा जरा लाल. मुलगा मागे, मोबाइलमध्ये तोंड खुपसून.

"बाबा, आज तिथी कोणती हो?"

मी कॅलेंडर बघितलं. चतुर्दशी होती.

"पाचपर्यंत पोचाल असे निघा," मी म्हणालो, "आणि शेंगदाणे इथूनच न्या. तिकडे महाग देतात."