एका बिडीचं बयान

१९९४ साली आमच्या गावात तीन टीव्ही होते. त्यातला एक आमच्या छपरीत. मार्चात दूरदर्शनवर 'चंद्रकांता' सुरू झाली आणि रविवारी सकाळी छपरीत पाय ठेवायला जागा उरेना. बांबूवर बांधलेला अँटेना फिरवायला अंगणात एक पोट्टा आणि 'आलं, आलं, गेलं' म्हणायला दारात दुसरा. आबाजी, म्हणजे माझे आजोबा, सगळ्यांच्या मागे बाजेवर बसायचे. ते कधी मान उंच करायचे नाहीत. त्यांना पुढे काय होणार हे ठाऊक होतं.

अशाच एका रविवारी शाहबाज खानचा वीरेंद्रसिंह घोडा दौडवत निघाला. आबाजी उठले, गोठ्यात गेले, बैलांना पाणी दाखवलं, तणीस टाकली, हातपाय धुतले आणि परत येऊन बसले.

"काहून रे पोट्टेहो, अजून घोड्यावरच हाये का हा?"

सगळी छपरी हसली. तेवढ्यात जाहिराती लागल्या. आबाजींनी कानावरची बिडी काढली आणि पेटवली. "हे बरं हाये. टीव्हीबी बिडी पेते." जाहिराती लांबत गेल्या, त्यांची बिडी विझली, तरी साबण संपेना. तेव्हा म्हणाले, "पन याची बिडी मोठी अन् गोष्ट लहान."

मी दहा वर्षांचा होतो. आपल्या आबाजींनी माझ्या वीरेंद्रसिंहाला नावं ठेवावीत याचा मला राग आला होता. पण एखाद्या कादंबरीवरची मालिका पाहताना आजही मला ती बिडी आठवते.

आबाजी तुमसर तालुक्यातल्या डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणीवर हजेरीबाबू होते. भंडारा जिल्हा १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशात होता आणि पलीकडे बालाघाट. त्यामुळे त्यांच्या पिढीला हिंदी परकी वाटली नाही. खाणीवर तर मराठी, हिंदी, गोंडी यांची खिचडीच चालायची. मिर्झापूरकडून आलेला एक मजूर गावी परत जाताना आबाजींची उधारी फेडू शकला नाही. पैशांऐवजी त्याने एक पुस्तक हातात ठेवलं. ती देवकीनंदन खत्रींची 'चंद्रकांता'. आजी म्हणायची, सात रुपयांची उधारी बुडाली आणि जन्माची करमणूक घरात आली.

१८८८ सालची ही कादंबरी. खत्रींनी चकिया-नौगढच्या जंगलाचा ठेका घेतला होता. त्या जंगलातले पडके किल्ले आणि गुहा त्यांनी पायाखाली घातल्या, आणि पुढे तेच सगळं कादंबरीत उतरलं. वेष पालटून शत्रूला गुंगी देणारे ऐयार, वाट चुकवणारा तिलिस्म, एका दारातून शिरलं की भलत्याच बागेत निघणं. केवळ ही कादंबरी वाचता यावी म्हणून कित्येकांनी हिंदी शिकून घेतली, असं हिंदीवाले अभिमानाने सांगतात. तिच्यातल्या प्रकरणांना खत्रींनी नाव दिलं 'बयान'. बयानं लहान लहान. एकाला संकटात लोंबकळत ठेवायचं आणि वाचकाला दुसऱ्याकडे घेऊन जायचं.

आमच्याकडे बयानाचं माप होतं एक बिडी.

आजी घरी बिड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात तेंदूपत्ता. कारखान्यात छाट म्हणून बाजूला काढलेल्या बिड्या घरी परत यायच्या आणि त्या आबाजींच्या वाट्याला. छाट बिडी कधी आखूड, कधी सैल, कधी अर्ध्यातच विझणारी. त्यामुळे आमचं बयानही कधी दोन झुरक्यांचं तर कधी तासाचं. बिडी पेटली की ऐयार तेजसिंह निघायचा. बिडी सरली की तो जिथे असेल तिथे थांबायचा, मग मागे दुश्मन का असेना.

"मंग जी, आबाजी?"

"मंग काय. बिडी सरली. झोपा आता."

पण हे माप घड्याळाचं नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं. आषाढात रोवणा लागला की दिवसभर बांधीत वाकून आबाजींची कंबर धरायची, आणि त्या दिवसांत ऐयार एका रात्रीत तीन किल्ले पार करायचे. धान कापून झालं, पुंजणे लागले आणि राखणीला आबाजींसोबत खळ्यावर झोपायला मिळालं की तोच ऐयार एका दरवाजाशी तीन रात्री घालवायचा. शेकोटीशी बसलेली एकदोन माणसं पेंगायला लागली, तर आबाजी मध्येच एक तलवार काढायचे. आम्ही श्वास धरून बसलो, तर मुद्दाम वाऱ्याचं वर्णन करायचे. ते पुस्तक आमच्या तोंडावर वाचत होते.

हीच तऱ्हा मी मंडईत पाहिली. भाऊबीजेनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई भरते, दंडार होते, रात्रभर नाटक चालतं. मंचासमोर बसलेला प्रॉम्प्टर नुसती वाक्यं पुरवतो असं बाहेरच्यांना वाटतं. पण पहाटे तीनच्या थंडीत लोक घोंगडीत तोंड घालायला लागले की तो खुशाल दोन पानं गाळतो आणि लावणीवाली आधी आत येते. झाडीपट्टीचा प्रेक्षक नाटकाची लांबी स्वतः ठरवतो. दूरदर्शनच्या खोक्याला आमच्या छपरीतलं कुणी दिसत नव्हतं. त्याला भरायची होती वेळ. प्रायोजकाची, ठरलेली, दर रविवारची. चार भागांची कादंबरी शंभराहून अधिक रविवारांवर पसरायची म्हटल्यावर घोडा डोंगर चढत राहणारच. मग पुस्तकात नसलेली माणसं आली, नसलेली कारस्थानं आली. अखिलेंद्र मिश्रांच्या क्रूरसिंहाचं ते 'यक्कू' आमच्या गावातल्या शेळ्यांनासुद्धा पाठ झालं. नीरजा गुलेरींच्या त्या मालिकेने आम्हाला वेड लावलं हे खरंच, आणि त्यात काही वाईट झालं असं मला वाटत नाही. आबाजींनाही तसं वाटत नसावं. ते दर रविवारी बसायचे. फक्त लाईन गेली की त्यांचा चेहरा खुलायचा.

लाईन हमखास जायची. मग छपरीतले सगळे मागे वळायचे. "आबाजी, मंग काय झालं जी?" आणि आबाजी बिडी शोधायला लागायचे.

त्यांच्या गोष्टीत एक डोंगेवाला होता. वैनगंगेच्या पात्रात डोंगा हाकणारा धीवर, पण आतून ऐयार. तो वाटसरूला मोहफुलांचा वास देऊन गुंगवायचा आणि अलगद पल्याड नेऊन ठेवायचा. तिलिस्म होता आमच्या आंबागडात, त्या पडक्या किल्ल्याच्या भुयारात. आम्ही शाळेच्या सहलीला तिथे गेलो तेव्हा मी एका भिंतीवर कान लावून उभा राहिलो होतो. हा डोंगेवाला आला की आबाजींची गोष्ट अगदी सावकाश व्हायची. पाणी कसं वळतं, वल्हं कुठे टेकवतात, भोवऱ्याजवळ डोंगा कसा तिरपा घालतात, सगळं सांगायचे. एक बिडी संपायची. दुसरी पेटायची. हे एरवी कधी व्हायचं नाही. आणि डोंगा कधीही काठाला लागायचा नाही. दुसऱ्या रात्री गोष्ट भलतीकडूनच सुरू व्हायची.

'चंद्रकांता' संपली तेव्हा आबाजींनी 'चंद्रकांता संतति' लावली. तिचे चोवीस भाग. "हे काही माह्याच्यानं सरत नाही बाप्पा," असं ते हसून म्हणायचे.

१९९५ च्या आषाढात, रोवण्याच्या ऐन दिवसांत, आबाजी गेले. खोकला जुनाच होता. माणसं बांधीतून तशीच आली, पोटऱ्यांवर ओला चिखल घेऊन. अंगणात चिखलाची पावलंच पावलं. दुपारनंतर काही जण परत शेतावर गेले, कारण पऱ्हे खणून ठेवले होते आणि पऱ्हे थांबत नाहीत. त्याचा कुणाला राग आला नाही. आबाजींनीही तेच सांगितलं असतं.

दोन-तीन रविवार टीव्ही बंद होता. मग एका सकाळी कुणीतरी लावला. छपरी पुन्हा भरली. वीरेंद्रसिंह घोड्यावर होता. आम्ही सगळे बघत राहिलो. तो खूप वेळ घोड्यावर होता आणि मागून कुणी काही बोललं नाही. बाजेवर आजी बसली होती. जाहिराती लागल्या तेव्हा ती उठून चुलीकडे गेली.

१९९६ मध्ये मालिका बंद झाली. त्या पुस्तकाला केव्हाच वाळवी लागली होती. मी शिकायला नागपूरला गेलो, आणि सीताबर्डीच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात मला एक दिवस 'चंद्रकांता' मिळाली. होस्टेलवर चार रात्रींत वाचून काढली. पहिल्या रात्री बरं वाटलं. तिसऱ्या रात्री मी पानं उलटी चाळायला लागलो. आंबागड नव्हता, म्हणजे नसणारच. पण डोंगेवालाही नव्हता. मोहफुलं नव्हती. मी पुन्हा पहिल्यापासून बघितलं. वाटलं, ही कापलेली आवृत्ती असेल.

सुट्टीत घरी गेल्यावर आजीला विचारलं. ती बिड्या वळत होती. हात न थांबवता म्हणाली, "तो पुस्तकात कसा राहीन? तो तुह्या आबाजीचा मैतर होता. खानीवर जायच्या आधीचा. पुरात गेला, डोंग्यासकट. सापडला नाही." थोड्या वेळाने दोरा तोडून म्हणाली, "मले मालूम होतं. म्हनून त्या वक्ताले मी बिडी देतच होती."

रोज रात्री ती कान देऊन बसायची, हे आम्हा पोरांच्या ध्यानातही आलं नव्हतं. दुसरी बिडी कुठून यायची ते मला त्या दिवशी समजलं.

पुढे कादंबऱ्यांवरच्या मोठ्या मालिका आणि सिनेमे जगभर आले. टोल्किनच्या 'हॉबिट' या एका आटोपशीर पुस्तकाचे २०१२ ते २०१४ या काळात तीन सिनेमे झाले आणि लोक म्हणाले, फार ताणलं. रॉबर्ट जॉर्डनची 'व्हील ऑफ टाइम' चौदा खंडांची. तिची मालिका तीन हंगामांत, चोवीस भागांत आटोपली आणि २०२५ मध्ये गोष्ट अर्ध्यात ठेवून बंद झाली. लोक म्हणाले, फार पळवलं. 'गेम ऑफ थ्रोन्स'ने पहिलं पुस्तक दहा भागांत निवांत सांगितलं, तिसऱ्याला दोन हंगाम दिले. पुढे लेखकाची पुस्तकंच मागे पडली, तेव्हा शेवटच्या हंगामाच्या सहा भागांत सगळे हिशेब उरकले. लोक चिडले. अशा वेळी पानं आणि मिनिटं यांचा भागाकार मांडला जातो. इतकी पानं, इतके भाग, पानाला इतकी मिनिटं.

मला तो हिशेब पटत नाही. आबाजींनी खत्रींची कितीतरी बयानं दोन झुरक्यांत उडवली होती. मी वाचली तेव्हा ओळखूही आली नाहीत. आणि पुस्तकात नसलेल्या एका डोंग्याला त्यांनी दोन-दोन बिड्या दिल्या. त्यांना कुणी रटाळ म्हटलं नाही. कुठे थांबायचं हे ज्याच्या पोटात दुखतं त्यालाच कळतं. टीव्हीवरची मालिका सगळीकडे सारखीच हळू होती. तिला थांबायचं होतं म्हणून ती थांबत नव्हती, तिला अजून वीस मिनिटं काढायची होती. आमच्या छपरीत हसू फुटलं ते त्यामुळे. कादंबरीचं रूपांतर करणाऱ्याने पुस्तक किती पाळलं हे मी आता बघत नाही. त्याचा डोंगा कुठे आहे ते बघतो. बहुतेकदा दिसत नाही.

खत्री १९१३ मध्ये गेले तेव्हा त्यांची 'भूतनाथ' अपुरी होती. सहा भाग झाले होते. उरलेले त्यांच्या मुलाने, दुर्गाप्रसाद खत्रींनी लिहून पुरे केले. जॉर्डन २००७ मध्ये गेले. त्यांनी मागे ठेवलेल्या टिपणांवरून ब्रँडन सँडरसनने शेवटचे खंड लिहिले. हे वाचलं की मला अस्वस्थ व्हायला होतं. त्या दोघांच्या मागे कागद होते.

मी माझ्या मुलीला 'चंद्रकांता' सांगायला बसतो. आंबागड येतो, मोहफुलं येतात. डोंगेवाला आला की मी अडखळतो. पाणी कसं वळतं हे आबाजींनी नेमकं कोणत्या शब्दांत सांगितलं होतं, भोवऱ्याला ते काय म्हणायचे, वल्ह्याच्या कोणत्या टोकाला कोणतं नाव होतं, यातलं काही आठवत नाही. आजी होती तोवर तिला विचारता आलं असतं. ती गेल्यालाही आता बारा वर्षं झाली.

आमच्या घरात तेव्हा टेपरेकॉर्डर होता. मोठ्या काकाच्या लग्नात आलेला. त्यावर भजनं वाजायची, सिनेमाची गाणी वाजायची. दोन कोऱ्या कॅसेट त्याच्या झाकणाखाली बरीच वर्षं तशाच पडून होत्या.