झोव्क्वाहून दोन पत्रे

पत्र पहिले

प्रिय ताई,

युक्रेनमधल्या ल्विव्हच्या उत्तरेला, पोलंडच्या सीमेकडे जाणाऱ्या रस्त्यावर साधारण तीस किलोमीटर गेले की झोव्क्वा लागते. वस्ती पंधरा हजारांच्या आत. चौकाच्या एका अंगाला किल्लेवजा वाडा, बाजूंना कमानींच्या ओसऱ्या असलेली घरे, आणि थोड्या पावलांच्या अंतरात कॅथलिक चर्च, ग्रीक-कॅथलिक मठ आणि ज्यूंचे सिनेगॉग. अशा गावाबद्दल लिहिताना ‘सर्वधर्मीय सलोखा’ हे शब्द सहज येतात. मला ते इथे पुरेसे वाटत नाहीत. या तिन्ही समाजांची माणसे जवळजवळ साडेतीनशे वर्षे शेजारी राहिली ती मुख्यतः गावाच्या मालकाने लिहून दिलेल्या सनदांच्या बळावर, आणि गावाची रचनाच त्याची साक्ष देते. पोलंडचा सेनानी स्तानिस्वाव झोल्किएव्स्की याने १५९७ मध्ये हे गाव आपल्या जहागिरीत वसवले. आखणी पाओलो दोमिनिची या इटालियन वास्तुकाराची. इटलीत तेव्हा ‘आदर्श नगर’ ही कल्पना जोरात होती, तिच्यातूनच हे गाव आले. १६०३ मध्ये त्याला नगराचे हक्क मिळाले. व्यापार वाढवायचा तर माणसे हवीत, म्हणून प्रत्येक समाजाला जागा, देवालय आणि व्यवसायाची मुभा नेमून दिली गेली. ज्यूंच्या रस्त्याजवळच्या वेशीला ज्यूंचेच नाव होते.

सिनेगॉग नीट पाहिले की हा व्यवहार ध्यानात येतो. १६९२ चे हे बांधकाम. राजा यान सोबिएस्की याने त्याला मदत केली, हाच तो १६८३ मध्ये व्हिएन्नाचा तुर्की वेढा उठवणारा. भिंती जाडजूड, आणि माथ्यावर छप्पर झाकणारा नक्षीदार कठडा, गढीला असावा तसा. सीमेवरच्या अशा नगरांत देवालयानेही वेळ पडली तर संरक्षणाच्या कामी यावे, अशी अपेक्षा असे. आश्रय मिळाला, त्याच्या जोडीने जबाबदारीही आली. तटाबाहेरचे १७२० चे पवित्र त्रैक्याचे लाकडी चर्च मात्र नाजूक आहे. युनेस्कोने २०१३ मध्ये त्याला जागतिक वारशात घेतले. ते सवडीने बघावे असे आहे, पण माझा मुद्दा त्या जाड भिंतींपाशीच अडतो.

तू म्हणशील, सनद असो की सलोखा, लोक एकत्र नांदले ना? नांदले, आणि ते थोडेथोडके नव्हे. युरोपात इतरत्र ज्यूंना हाकलले जात असताना इथे हिब्रू ग्रंथांचा छापखाना चालत होता. पण सनद देणाऱ्याच्या मर्जीवर टिकते. १७७२ मध्ये ऑस्ट्रिया आला, पहिल्या महायुद्धानंतर पोलंड, १९३९ मध्ये सोव्हिएत आणि १९४१ मध्ये जर्मन. जर्मनांनी सिनेगॉगला सुरुंग लावले; आतला भाग गेला, भिंती उभ्या राहिल्या. २५ मार्च १९४३ रोजी सुमारे ३,५०० ज्यूंना गावाबाहेरच्या रानात नेऊन गोळ्या घातल्या. हक्क फक्त राज्यकर्त्याच्या हातून आलेला असेल, तर राज्यकर्ताच उलटल्यावर दाद मागायला जागा उरत नाही.

पत्र दुसरे

प्रिय ताई,

राज्यकर्ताच उलटला तर दाद कुठे मागायची, हा प्रश्न ज्याने आयुष्यभर लावून धरला, तो कायदेपंडित हर्श लाउटरपाख्त याच गावात १८९७ मध्ये जन्मला. १९४५ मध्ये नाझी नेत्यांवरच्या न्यूरेंबर्ग खटल्याची सनद तयार होत असताना ‘मानवतेविरुद्धचे गुन्हे’ हे शीर्षक त्याने सुचवले. आपल्याच प्रजेवर अत्याचार करणाऱ्या सत्ताधाऱ्यालाही जगापुढे जाब द्यावा लागेल, असा त्याचा अर्थ होता. माणसाचे हक्क राज्याच्या वर आहेत, ही त्याची भूमिका. ज्याच्या अमलाखाली १९४१ पासून हा प्रदेश होता तो हान्स फ्रांक न्यूरेंबर्गला आरोपी होता, आणि ब्रिटिश सरकारी पक्षाच्या भाषणांचे मसुदे लाउटरपाख्त लिहीत होता. त्याचे आईवडील त्याच फ्रांकच्या राजवटीत मारले गेले होते.

जन्मगावाशी विचाराचा इतका सरळ संबंध जोडणे धोक्याचे, हा आक्षेप मला मान्य आहे. तो किशोरवयातच ल्विव्हला गेला आणि त्याचे शिक्षण ल्विव्ह, व्हिएन्ना व लंडनचे. झोव्क्वाने त्याला घडवले, असे मी म्हणणार नाही. एवढेच म्हणते की ज्या उणिवेवर त्याने उत्तर शोधले, ती उणीव या गावाइतकी उघडी क्वचितच दिसते. सोव्हिएत राजवटीने तर गावाचे नावही काढून घेतले; १९५१ ते १९९२ ते ‘नेस्तेरोव्ह’ होते, १९१४ मध्ये इथे शत्रूच्या विमानावर आपले विमान धडकवून मेलेल्या रशियन वैमानिकाच्या नावावरून. गावकऱ्यांना आपल्या गावाच्या नावावरही हक्क नव्हता.

दुसरा आक्षेप अधिक कठीण. असा कायदा असून काय झाले? २०२२ पासून या देशावर रशियाचे बॉम्ब पडतच आहेत. खरे आहे, कायद्याने क्षेपणास्त्रे अडत नाहीत. पण वीजकेंद्रांवरच्या हल्ल्यांबद्दल आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने जून २०२४ मध्ये रशियाचे माजी संरक्षणमंत्री सेर्गेई शोइगू आणि तेव्हाचे लष्करप्रमुख व्हालेरी गेरासिमोव्ह यांच्यावर अटक वॉरंट काढली, आणि त्यांत युद्धगुन्ह्यांच्या जोडीला मानवतेविरुद्धचा गुन्हाही लावला. १९४३ मध्ये रानाकडे चालवलेल्या माणसांपाशी अशी तक्रार नोंदवायला जगात कुठलेही न्यायालय नव्हते. आज ते हेगला आहे, आणि त्याच्या कागदपत्रांत आरोपींची नावे आहेत.

तुझी धाकटी