थेट गाठीत केमो? आधी एक प्रश्न!

‘तू पत्रकार ना? मग शोध जरा!’ शेलारहून काकांचा फोन. काकूचा स्तनाचा कॅन्सर हाडांपर्यंत पसरलेला. त्यात कुणीतरी धमनीतून थेट गाठीत केमो देण्याचा व्हिडिओ पाठवला. त्यासाठी काका दोन लूम विकायला निघाले होते.

मी मासकॉमवाली, डॉक्टर नव्हे. पण प्रश्न विचारणं हे तर माझं कामच. तेच केलं.

फंडा सोपा आहे. जांघेतल्या धमनीतून बारीक नळी आत सरकवायची, एक्स-रेवर बघत छातीला रक्त पुरवणाऱ्या धमनीपर्यंत न्यायची आणि औषध तिथेच सोडायचं. गाठीला डोस जास्त, बाकी शरीराला कमी. लिव्हरच्या कॅन्सरमध्ये या धर्तीचे उपचार रुळलेत. स्तनाच्या कॅन्सरमध्ये मात्र अजून नाही. तिथे छोटे छोटे अभ्यास झालेत. मोठी, चिघळलेली गाठ आटोक्यात आणायला त्याचा उपयोग होऊ शकतो.

ऐकायला मस्त वाटतं ना? कुरिअर थेट दारात! पण काकूचा कॅन्सर आता एका पत्त्यावर राहत नव्हता. मग औषधालाही सगळीकडे फिरायला नको?

परळच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. राजेंद्र बडवे यांच्या टीमने नेमकं यावरच काम केलंय. निदानाच्या वेळीच कॅन्सर पसरलेल्या ३५० स्त्रिया. केमोचा उपयोग झाल्यावर त्यांचे दोन गट केले. एका गटात स्तनातल्या गाठीचं ऑपरेशन झालं, दुसऱ्यात नाही. २०१५ मध्ये निष्कर्ष आला. आयुष्य दोन्हीकडे जवळपास सारखंच, साधारण २० महिने. हा अभ्यास धमनीतल्या केमोचा नव्हता, कबूल. पण गाठीवर नेम धरला म्हणून पसरलेला आजार थांबतोच असं नाही, हे त्यातून कळतं.

काकांना मी एकच प्रश्न लिहून दिला : ‘यानं तिचं आयुष्य वाढेल, की त्रास कमी होईल?’

काका तो कागद घेऊन डॉक्टरांकडे गेले. काकूची गाठ चिघळलेली नव्हती, त्रास हाडांचा होता. रिपोर्ट बघून हॉर्मोनच्या गोळ्या, हाडांसाठी इंजेक्शन आणि दुखण्यावर वेगळं औषध सुरू झालं. काकू बरी होणार नाही, हे घरात सगळ्यांना माहितीय. पण ती आता रात्री झोपते. लूमही चालू आहेत.

तुमच्या फॅमिली ग्रुपवरही असा व्हिडिओ कधीतरी येईल. फॉरवर्ड करण्याआधी हा प्रश्न तेवढा सोबत जोडा.