हनुक्काचे दिवे

न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवरील ज्यू संग्रहालय १९४७ पासून वॉरबर्ग कुटुंबाच्या जुन्या हवेलीत आहे. हनुक्का सणानिमित्त येथे आईवडील मुलांना घेऊन गाण्याबजावण्याला, हस्तकलेला येतात. इ.स.पू. १६४ च्या सुमारास ज्यूंनी जेरुसलेमचे मंदिर परकीय राजसत्तेकडून परत मिळवले, त्याची ही आठवण. आठ रात्री, रोज एक दिवा जास्त. अशा दिव्यांचा मोठा संग्रह येथे आहे.

आपल्या कोकणातील बेने इस्रायली तेलाचे घाणे चालवीत. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. दिवसाची कमाई बुडे, पण ओळख टिकली.

वाचकहो, मूल स्वतःच्या हाताने दिवा घडवते तेव्हा विचारते, “हा कशासाठी?” ते उत्तर घरात तयार हवे.