बग्गीची जुळणी

आमच्याकडे येणार होती ती तयार गाडी नव्हे, सुट्या भागांची पेटी. रेडिओच्या लहरींवर चालणारी, एकदशांश आकाराची, मातीवर शर्यत धावणारी विजेरी बग्गी. या वर्गाची पहिली जागतिक स्पर्धा १९८५ साली कॅलिफोर्नियात डेल मार येथे झाली, हे आमच्या चिरंजीवांना तोंडपाठ! (परीक्षेची पुस्तके कधी इतकी पाठ झाली नाहीत.) महिनाअखेरीस ते नोकरीसाठी आखातात निघणार, पेटी त्याआधी येते की नाही, हाच आम्हांला घोर.

आली एकदाची, आठ दिवस उरले असताना. धक्के शोषणाऱ्या नळ्यांत सिलिकॉन तेल भरले, तरी झाकण लगेच लावायचे नसते. दट्ट्या हळूहळू वरखाली करून हवेचे बुडबुडे वर येऊ द्यावे लागतात; हवा राहिली तर दोन्ही बाजू सारख्या दबत नाहीत. मोटारीचे दंतचक्र मोठ्या चक्राला भिडवताना मध्ये कागदाची पट्टी धरायची, स्क्रू आवळायचे, मग पट्टी ओढून घ्यायची. तेवढीच फट हवी. काम घाईचे नव्हेच, आणि ते लांबावे असेच आम्हांला वाटत होते.

पारदर्शक कवच आतल्या बाजूने रंगवायचे असते. तेवढे आमच्याकडे उरले आहे. रंग निळा, असे ते जाताना सांगून गेले.